लाल्या आणि लॉगटेबल

संगणकाच्या पडद्यावर दिल्या जाणाऱ्या गृहपाठाविषयी आमच्या विद्यार्थ्यांचे खरे मत काय आहे? हा प्रश्न मला आमच्या विभागप्रमुखांनी दिला. ‘खरे’ हा शब्द मात्र त्यात मी घातला. त्यांना अर्ध्या पानाचा अहवाल हवा होता, म्हणजे कंपनीशी पुढच्या वर्षाचा करार करताना ‘विद्यार्थ्यांचे मत विचारात घेतले’ असे लिहिता येईल. मला उत्तर हवे होते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे कळायला मला एक सत्र लागले.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते. मी सोलापुरातल्या एका महाविद्यालयात विज्ञानाच्या पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकवते. त्याआधी बरीच वर्षे शाळेत होते. त्यामुळे फळ्यावर तारीख आणि विषय लिहिल्याखेरीज मला बोलायला सुरुवात करता येत नाही, आणि उत्तरापुढे एकक नसले की हात आपोआप लाल पेनाकडे जातो. यंदा महाविद्यालयाने गृहपाठासाठी एक ऑनलाइन प्रणाली घेतली. विद्यार्थ्याने आपल्या खात्यात शिरायचे, उदाहरण वाचायचे आणि चौकटीत उत्तराचा आकडा भरायचा. उत्तर जुळले तर चौकट हिरवी होते, नाही जुळले तर लाल. संधी तीन. तिन्ही लाल झाल्या की ते उदाहरण कायमचे बंद. प्रत्येकाला आकडे निराळे येतात, म्हणजे शेजाऱ्याचे उतरवून भागत नाही. कृती दाखवायला जागा कुठेही नाही. आणि अंतर्गत गुणांचा मोठा वाटा या हिरव्या चौकटींवर ठरतो.

पहिली पायरी म्हणून मी वर्गातच विचारले, “ही गृहपाठाची पद्धत तुम्हांला कशी वाटते?”

“चांगली आहे मॅडम,” असे सगळ्या वर्गाने एका सुरात सांगितले. शाळा तपासणीच्या दिवशी मुले ‘एक साथ नमस्ते’ म्हणतात त्याच सुरात. अशा सुराला मत म्हणत नाहीत, हे शाळेत शिकवलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. मी वही मिटली.

खरे मत त्याच दुपारी वाहनतळाजवळच्या कडुलिंबाखाली माझ्या कानावर पडले. मी गाडी काढत होते आणि माझ्या वर्गातली मुले पलीकडे पाठ करून बसली होती.

“आज लाल्यानं किती खाल्ले?”

“तीनच्या तीन. आणि तुझे?”

“माझं हिरवं. फोटो काढला, ॲपमध्ये टाकला, उत्तर आलं, भरलं. लाल्या गप.”

लाल्या म्हणजे कापसावर पडणारा रोग. पाने लाल होतात आणि पीक बसते. खेड्यातल्या कुणीतरी प्रणालीला हे नाव दिले असणार आणि शहरातल्यांनी ते आनंदाने स्वीकारले होते. मी खाकरले. मुले ताडकन उठली. त्यांच्यात वर्गप्रतिनिधी होता. शहरातल्या विणकर वस्तीतला, घरी तेलुगू, वर्गात मराठी आणि मित्रांत दोन्हींची चटणी करून बोलणारा हजरजबाबी मुलगा.

“बसा,” मी म्हटले. “वर्गात ‘चांगली आहे’ म्हणालात. आता हे काय?”

“मॅडम, चांगलीच आहे की,” तो म्हणाला. “तुम्ही विचारलं, आम्ही सांगितलं. वर्गात खोटं कसं बोलायचं? आणि खरं तरी कसं बोलायचं?”

“मला खरंच हवंय.”

“मार्कांत धरणार नाही?”

“नाही.”

मग मात्र त्याने तक्रारींची पेटीच उघडली. “पहिलं म्हणजे, लाल झालं की का लाल झालं ते सांगत नाही. तुम्ही निदान ‘एकक कुठे आहे?’ असं लिहिता. शिव्या दिल्यासारखं वाटतं, पण कळतं तरी. हा नुसता लाल. दुसरं, घरात अम्मा म्हणते, गेम खेळतोयस. मी म्हणतो, गृहपाठ आहे. ती म्हणते, वही दाखव. आता वही कुठनं आणू? आणि तिसरं...” तो मित्रांकडे पाहून थांबला.

“सांग की, मॅडम नाही म्हणाल्यात मार्कांत,” एकाने टोचले.

“तिसरं म्हणजे, मॅडम, माझे सगळे हिरवे आहेत. पण उत्तर कुठनं आलं ते मला विचारू नका.”

सगळे हसले. मला हसू आले नाही. त्या महिन्यात मी विभागप्रमुखांकडे ‘उत्कृष्ट प्रतिसाद’ म्हणून जी नावे पाठवली होती, त्यांत हे नाव सर्वांत वर होते.

न्यायाने हेही नोंदवले पाहिजे की, प्रणालीच्या बाजूचे एक मत मला पटले. चिंचोळी एमआयडीसीत पाळीवर काम करून शिकणारा एक विद्यार्थी म्हणाला, “मला तर बरं पडतंय, मॅडम. कंपनीच्या बसमधनं येता येता गणितं भरतो. वही आणून द्यायची म्हटलं तर कॉलेजच्या टायमात मला याला जमंना.” हे मत मी जसेच्या तसे लिहून घेतले. ते खोडायचा माझ्याकडे कोणताही आधार नव्हता, आणि आजही नाही.

इथपर्यंत सगळे नेहमीच्या चिडचिडीचे होते. शिक्षकाला एवढी चिडचीड पगाराबरोबरच मिळते. पण त्याच आठवड्यात एक विद्यार्थिनी प्रयोगशाळेत माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. सांगोल्याकडची, घरी मेंढरे आणि थोडी कोरडवाहू शेती, इथे मुलींच्या वसतिगृहात राहणारी. वर्गात पहिल्या बाकावर बसायची आणि तास संपल्यावर असे प्रश्न विचारायची की मला कधीकधी ‘उद्या सांगते’ म्हणावे लागे.

“मॅडम, दुसऱ्या वर्षाला मुख्य विषय निवडायचाय. शनवारपतूर द्यायचंय,” ती म्हणाली. “मी भूगोल घेते.”

“का गं? तू तर भौतिकशास्त्र म्हणाली होतीस.”

“व्हय, म्हनले हुते. पर मला येत न्हाय ते.”

“कोण म्हणालं?”

तिने फोन पुढे केला. पडद्यावर वरपासून खालपर्यंत लाल चौकटी होत्या. मधूनच एखादी हिरवी, कोरडवाहू रानातल्या बाभळीसारखी. मी चकित झाले, आणि मग मला राग आला. कुणाचा ते त्या क्षणी कळत नव्हते. जी मुलगी वर्गात घर्षणावर मला अडवते, तिला कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन एवढे येत नाही, हे मी कसे मानायचे?

“बस इथं,” मी म्हटले. “यातलं एक माझ्यासमोर सोडव.”

उदाहरण सोपे होते. ३६.४८ न्यूटन बल लावून एक वस्तू बलाच्याच दिशेने २७.३५ मीटर सरकवली, तर कार्य किती? उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत द्या. तिने सूत्र लिहिले, आकडे मांडले, एकके मांडली. अक्षर नेटके, बरोबरीची चिन्हे एकाखाली एक. मग तिने पिशवीतून तपकिरी कागदाचे वेष्टण घातलेले एक पातळ पुस्तक काढले आणि त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवून आडवे सरकवू लागली.

ते लॉगटेबल होते.

ज्यांनी आपल्या राज्यात बारावी विज्ञान केले आहे त्यांना हे पुस्तक ठाऊक आहे. इतरांसाठी सांगते. बारावीच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही. मोठे गुणाकार-भागाकार या कोष्टकावरून करायचे असतात. संख्येचा लॉग काढायचा, लॉगांची बेरीज करायची आणि त्या बेरजेवरून परत संख्येकडे यायचे. गुणाकाराचे काम बेरजेवर भागते. आमच्या मुलांच्या बोटांत ही कोष्टके दोन वर्षे इतकी मुरतात की, काहींना दोनाचा लॉग घरच्या फोन नंबरासारखा पाठ असतो. पण हे कोष्टक चार अंकी आहे. त्यातून निघालेल्या उत्तराचा चौथा अंक थोडा हलू शकतो, आणि पाचवा अंक तर त्यात नसतोच. हा त्याचा दोष नाही. फूटपट्टीने केसाची जाडी मोजता येत नाही, तसलीच ही गोष्ट.

तिचे उत्तर आले ९९७.९ ज्यूल.

मी माझ्या कॅल्क्युलेटरवर केले. ९९७.७२८. म्हणजे प्रणालीला हवे होते ९९७.७३.

“हे उत्तर तू भरलंस?”

“व्हय. लाल आलं. मग वाटलं दशांशामागं शून्य पायजे आसंल, म्हनून ९९७.९० भरलं. लाल. मग सगळं पुन्यांदा केलं, तर तेच आलं. तेच भरलं.”

“आणि तिसऱ्यांदा लाल.”

“मग बंदच झालं की.”

ज्या मुलीने उदाहरण दोनदा पूर्ण सोडवले, दोन्ही वेळा तेच उत्तर काढले आणि म्हणून त्यावर ठाम राहिली, तिला प्रणालीने तीन वेळा चूक ठरवले होते. शास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर मूळ प्रश्नच सदोष आहे. मोजमापे चार अंकी दिली असतील तर उत्तर पाच अंकी मागण्यात काही अर्थ नाही. हे आम्ही पहिल्या आठवड्यात शिकवतो आणि प्रश्नपत्रिकेत त्यावर गुण ठेवतो. ते विकत घेतलेल्या प्रणालीला कोणी शिकवायचे?

“पण तू कॅल्क्युलेटर का नाही वापरलास?” मी विचारले. “प्रात्यक्षिकाला तर वापरतेस.”

तिने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी तिला पेपर फोडायला सांगितले.

“प्रात्यक्षिकाला तुमीच देता, मॅडम. पर ही परीक्षा हाय की. मार्क हायेत, कोपऱ्यात घड्याळ पळतंय. आन् उघडलं की आधी लिवलेलं येतं, मी कुटलीबी बाहेरची मदत घेनार न्हाय म्हनून. त्याच्यावर टिक केल्याबिगर फुडं जाता येत न्हाय.”

“ते वाचलंस तू?”

“मग? वाचल्याबिगर कशी टिक करायची?”

 ती अट पडद्यावर इंग्रजीत येते. बारीक अक्षरांत, चांगला परिच्छेदभर. विद्यार्थ्यांपैकी, शिक्षकांपैकी आणि मला दाट शंका आहे की ती लिहिणाऱ्यांपैकीही, कोणी ती शेवटपर्यंत वाचलेली नव्हती. हिने शब्दकोश घेऊन वाचली होती आणि पाळली होती. कॅल्क्युलेटर चालतो हे तिला सांगणारे कोणी नव्हते. ते सांगावे लागेल असे कुणाच्या डोक्यातच आले नव्हते, कारण बाकीचा वर्ग कॅल्क्युलेटरच्या फार पुढे निघून गेला होता.

“सगळे फोटो काढत्यात,” ती म्हणाली. “मला बी दाखवलं त्यांनी. म्या न्हाय म्हनले. मी कापी करत न्हाय.”

एका बंद न झालेल्या उदाहरणावर मी तिला कॅल्क्युलेटर वापरायला लावला. पद्धत तीच, आकडेमोड तेवढी यंत्राने. चौकट हिरवी झाली. मला वाटले, आता तिचा चेहरा खुलेल. पण ती चिडली. तिला चिडलेली मी प्रथमच पाहत होते.

“म्हंजे मी बराबरच हुते?”

“पद्धतीने, होय. पूर्णपणे.”

“मग इतके दिस हे लाल कशाला?”

या प्रश्नाचे उत्तर मिळवण्याची जबाबदारी माझी होती. मी कंपनीच्या मदत-क्रमांकावर फोन केला. संगीत ऐकले. पुन्हा संगीत ऐकले. शेवटी एका अतिशय विनयशील तरुणाने मला तक्रार लेखी पाठवायला सांगितली. मी ती पाठवली. उदाहरण, दोन्ही उत्तरे, दोन्हींतील फरक आणि ‘स्वीकारार्ह फरकाची मर्यादा थोडी वाढवावी व बंद उदाहरणे पुन्हा उघडावीत’ ही विनंती. सर्व मुद्दे क्रमाने मांडले होते. उत्तर आले की, प्रणाली अपेक्षेप्रमाणे कार्यरत आहे, बंद उदाहरणे सत्राच्या मध्ये उघडता येत नाहीत, आणि आपल्या समस्येचे निराकरण झाले असे गृहीत धरून ही तक्रार बंद करण्यात येत आहे. खाली, सेवेला किती तारे द्याल, अशी विचारणा होती. मी एकही तारा दिला नाही. प्रणालीने तेही स्वीकारले नाही. एक तरी तारा निवडणे बंधनकारक होते.

मग मी विभागप्रमुखांकडे गेले. ते सज्जन गृहस्थ आहेत, पण सिस्टिम हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज देवळात शिरल्यासारखा होतो.

“मॅडम, तुमचं म्हणणं मला पटतं,” ते म्हणाले. “पण सिस्टिमनं दिलेले मार्क आपण हातानं बदलायचे म्हणजे उद्या कुणी विचारलं तर?”

“तर मी फळ्यावर सोडवून दाखवीन, सर.”

“तसं नसतं हो ते. आणि बाकीच्यांची तक्रार कुठाय? बहुतेकांचे हिरवे आहेत.”

“बहुतेकांना ते हिरवे कसे झाले हे ठाऊक नाही.”

“ते सिद्ध करायला लागेल ना पण.”

सिद्ध करायला फार लागले नाही. दुसऱ्या दिवशी मी वर्गात तेच कार्याचे उदाहरण आकडे बदलून फळ्यावर लिहिले आणि ज्यांच्या चौकटी हिरव्यागार होत्या त्यांना एकेक करून बोलावले. पहिला फळ्यापाशी येऊन खडूकडे पाहत राहिला. दुसरीने सूत्र आठवून लिहिले, ते गतिज ऊर्जेचे. वर्गप्रतिनिधी स्वतःच म्हणाला, “मॅडम, मी आधीच सांगितलंय की विचारू नका म्हणून,” आणि खाली बसला. मागून कोणीतरी “लाल्याला बोलवा, तो सोडवेल” म्हणाले. तेव्हा मी सांगोल्याच्या मुलीकडे पाहिले. ती उठली नाही. तिने मान हलवली. ती इतरांना खाली दाखवायला तयार नव्हती, आणि मीही आग्रह धरला नाही. फळा तसाच अर्धा राहिला.

मी हे विभागप्रमुखांना सांगितले. त्यांनी बराच वेळ पेपरवेट फिरवला आणि एक वाट काढली. इथून पुढच्या प्रत्येक गृहपाठाची कृती कागदावर घ्यावी आणि निम्मे गुण कागदावर द्यावेत. प्रणालीत मात्र आकडा भरावाच लागेल. एमआयडीसीतल्या विद्यार्थ्याने कागदाचा फोटो पाठवला तरी चालेल, हे मी त्यात घालून घेतले. झालेले लाल मात्र लालच राहतील. त्यांचे काही करता येणार नाही.

“काही म्हणजे काहीच नाही?”

“मॅडम, सत्राच्या मध्ये उघडत नाही ते. तुम्हीच तर उत्तर आणलंत.”

हे मला त्या मुलीला सांगायचे होते. तिला वाटत होते की चूक कळली म्हणजे गुण परत येतील. शाळेत तसेच होते. मुलगा वही घेऊन टेबलापाशी येतो, आपण पुन्हा पाहतो, ‘अरे हो’ म्हणतो आणि खोडून अर्धा गुण वाढवतो. या साध्या रीतीवर मुलांचा विश्वास असतो. मी तिला स्पष्ट सांगितले की ते लाल तसेच राहणार आहेत, तू उत्तीर्ण होशील, पण तुझे अंतर्गत गुण जेमतेम दिसतील, आणि ते जेमतेम का आहेत हे गुणपत्रिकेवर कोठेही लिहिलेले नसेल.

 मग तिने विचारले, “फुडच्या वर्षी बी लाल्याच आसनार?”

“बहुतेक.”

“आन् कागुद?”

“कागद मी तपासणार. स्वतः. तेवढं वचन देते.”

“मग बघते,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यातल्या ‘बघते’चा अर्थ मला लावता आला नाही. शनिवारी दुपारी मी कार्यालयात गेले आणि विषय निवडीबद्दल लिपिकाला विचारले. ती सकाळीच येऊन गेली होती. मुख्य विषय भौतिकशास्त्र. मी जिना चढून वर आले तर ती वर्गाबाहेर वर्गप्रतिनिधीशी भांडत होती. तो म्हणत होता, कागदावर कृती लिहायची शिक्षा सगळ्यांना तुझ्यामुळे झाली. ती म्हणत होती, “मग शीक की. तुला कोन नको म्हनलंय? हितं बस, दावते.” तो कुरकुरत बसला. त्याच्या हातात लॉगटेबल देऊन ती ओळीवर बोट सरकवायला शिकवत होती, आणि तो म्हणत होता की यापेक्षा हातमाग सोपा आहे.

आता दर सोमवारी माझ्या टेबलावर कागदांचा ढीग असतो. एकके अजूनही नसतात. काहींची कृती त्याच फोटोवाल्या यंत्राने लिहिलेली असते. ती लगेच ओळखू येते, कारण तिच्यात एकही खाडाखोड नसते. माझा लाल पेन महिन्यात संपतो. अहवाल मी दिला. अर्ध्या पानाऐवजी तो सहा पानांचा झाला, आणि त्यात मत, कारण आणि उदाहरण या क्रमाने सगळे मांडले होते. करार पुढच्या वर्षासाठी झाला. फाइलमध्ये माझ्या सहा पानांवर एक चिठ्ठी लावली होती: ‘विद्यार्थ्यांचा प्रतिसाद समाधानकारक.’

मूळ प्रश्नाचे माझे उत्तर आता असे आहे. विद्यार्थ्यांना यंत्राचा राग नाही. त्यांना न सांगता लाल करण्याचा राग आहे. ज्यांना राग येत नाही, त्यांनी बहुधा गृहपाठ केलेलाच नसतो. मात्र हे एका वर्गावरून काढलेले अनुमान आहे, आणि शिक्षिकेच्या शब्दावर ते कोणी मानू नये.

तेव्हा विनंती एवढीच. घरातले बारावीचे लॉगटेबल काढा, नसेल तर शेजाऱ्यांकडून आणा. ३६.४८ गुणिले २७.३५ करा. आधी कोष्टकावरून, मग कॅल्क्युलेटरवर. दोन्ही उत्तरे एकाखाली एक लिहा. नंतर आपल्या घरात कोणी ऑनलाइन गृहपाठ करत असेल तर शेजारी बसा, एका हिरव्या चौकटीवर बोट ठेवा आणि हे कसे आले ते विचारा. जे दिसेल ते स्वतः तपासून पाहा.